अष्टकोनाचे निशाण : भारतीय नौदलाच्या ध्वजाचा इतिहास आणि कल्याण-ठाण्याची खाडी

भारतीय नौदलाच्या प्रत्येक युद्धनौकेच्या पिछाडीला जे निशाण फडकते, त्याला नौध्वज म्हणतात. राष्ट्रध्वज हा साऱ्या देशाचा, तर नौध्वज हा त्या देशाच्या सशस्त्र आरमाराचा. बंदरात नांगरलेल्या युद्धनौकेवर तो सकाळी आठ वाजता चढवला जातो, सूर्यास्ताला उतरवला जातो आणि नौका समुद्रात असताना मात्र डोलकाठीवर राहतो. समुद्राला कुंपण नसते आणि पाण्यावर सीमारेषा आखता येत नाही. त्यामुळे खुल्या दर्यात एखादे जहाज कोणाच्या हुकमतीखाली आहे, ते व्यापारी आहे, लढाऊ आहे की लुटारू आहे, हे ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्यावरचे निशाण, असा दर्यावर्दी जगाचा फार जुना रिवाज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यातही युद्धनौकेची व्याख्या करताना तिच्यावर तिच्या राष्ट्राची ओळख पटवणारी बाह्य चिन्हे असली पाहिजेत, अशी अट घातलेली आहे. निशाण नसलेली सशस्त्र नौका कायद्याच्या दृष्टीने निराधार ठरते, ती याच कारणाने.

भारताचा सध्याचा नौध्वज २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे, 'विक्रांत' ही स्वदेशी बनावटीची विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली त्याच समारंभात, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते अनावृत झाला आणि छत्रपती शिवाजी महाराजांना अर्पण करण्यात आला. पांढऱ्या पटावर काठीलगतच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे. उरलेल्या भागात निळा अष्टकोन असून त्याला सोनेरी दुहेरी किनार आहे. अष्टकोनाच्या आत ढाल, ढालीवर नांगर, नांगराच्या वर सिंहमुद्रेचे राष्ट्रचिन्ह आणि खाली देवनागरीत 'शं नो वरुणः' हे नौदलाचे ब्रीद, म्हणजे जलदेवता वरुण आम्हांस कल्याणकारी होवो अशी वैदिक प्रार्थना आहे. अधिकृत स्पष्टीकरणानुसार अष्टकोनाच्या आठ बाजू आठ दिशांच्या, नांगर हा अढळपणाचा, आणि सोनेरी दुहेरी किनार शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. एवढ्या माहितीवर बहुतेक लेखन थांबते. वास्तविक विषय इथे सुरू होतो, कारण ज्या आरमाराचा वारसा हा ध्वज सांगतो त्या आरमाराची पहिली गलबते कल्याण आणि भिवंडीच्या खाडीत बांधली गेली. आणि ज्या ब्रिटिश निशाणाची खूण या ध्वजाने पुसली, ते निशाण उतरवण्याच्या लढ्यात ठाण्याजवळचे कोलशेतही सामील होते. नौध्वजाच्या इतिहासाचे हे दोन्ही धागे उल्हास नदीच्या काठी सापडतात, ही गोष्ट खुद्द ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतही फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते, डोंबिवलीचे मोठागाव आणि मुंब्र्याचे रेतीबंदर ओलांडून ठाण्याच्या उत्तरेला येते, आणि तिथून तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो, तर दुसरीकडे ठाण्याची खाडी मुंबईच्या बंदराकडे उतरते. सह्याद्रीच्या घाटवाटांनी खाली आलेला माल याच पाण्यावरून परदेशी जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासमार्गदर्शक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. सत्तापालटानंतर या बंदरावर निर्बंध आले असून तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची शक्यता असते, असा इशारा त्यात दिलेला आहे. बंदरात शिरणारे जहाज कोणाचे आणि त्याला तिथे येण्याचा अधिकार काय, हा प्रश्न कल्याणच्या खाडीत दोन हजार वर्षांपूर्वीही विचारला जात होता, हे या एका नोंदीवरून कळते.

पोर्तुगीज आल्यावर या प्रश्नाला कागदाचे रूप आले. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी 'कार्ताझ' नावाची पद्धत लादली. कार्ताझ म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना. त्यावर जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, माणसे, शस्त्रे आणि जाण्याचे ठिकाण नोंदवलेले असे, आणि तो जवळ नसलेले जहाज पकडून जप्त करण्याचा हक्क पोर्तुगीज स्वतःकडे घेत. अरबी समुद्रावर शतकानुशतके मोकळेपणाने ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांना आपल्याच किनाऱ्यावर परक्याचा कागद बाळगावा लागला. वसई, ठाणे, चौल ही ठाणी हाताशी असल्यामुळे कल्याणच्या खाडीतून समुद्रात जाण्याचा रस्ताच पोर्तुगिजांच्या तोफांखालून जात होता.

शिवाजी महाराजांनी १६५७ च्या अखेरीस आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी घेतली, तेव्हाची परिस्थिती ही होती. कल्याणात या घटनेची तारीख २४ ऑक्टोबर १६५७ अशी सांगितली जाते आणि खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याशी मराठा आरमाराच्या प्रारंभाची आठवण जोडली जाते. या आठवणीला भक्कम आधार मिळतो तो मात्र शत्रूच्या दप्तरातून. शहाजीच्या एका मुलाने वसई-चौलच्या आसपासचा मुलूख घेतला असून तो कल्याण, भिवंडी आणि पनवेल या ठिकाणी लढाऊ गलबते बांधत आहे, अशी चिंता १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात व्यक्त झाली आहे. ही गलबते बांधण्यासाठी महाराजांनी रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कसबी माणसाच्या हाताखालचे कारागीर कामाला लावले होते, आणि त्यांनी ते काम सोडून यावे म्हणून वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला खटपट करावी लागली. जहाजबांधणीची विद्या कोणाकडूनही घ्यावी, पण जहाज आपले असावे, हा त्यामागचा विचार स्पष्ट आहे. कारागीर गेले तरी आरमार थांबले नाही. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, १६६५ च्या आरंभी महाराज स्वतः आरमारासह बसरूरच्या स्वारीवर गेले आणि १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर इंग्रज आणि सिद्दी या दोघांशी एकाच वेळी झुंज देऊन मराठ्यांनी तिथली तटबंदी उभी केली.

जंजिऱ्याचे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतून आलेले हबशी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दख्खनमध्ये आलेल्या या लढवय्यांनी मुरूडजवळच्या बेटावर स्वतःची सत्ता स्थापन केली आणि ती थेट १९४८ पर्यंत टिकवली. त्यामुळे कोकणच्या पाण्यावर सतराव्या शतकात मराठ्यांचे भगवे निशाण, पोर्तुगिजांचा क्रूस, इंग्रज कंपनीच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बावटा आणि आफ्रिकी वंशाच्या सिद्द्यांची निशाणे एकमेकांसमोर उभी ठाकली होती. कंपनीच्या बावट्याच्या कोपऱ्यात त्या काळी पांढऱ्यावर तांबडा क्रूस असे. इंग्लंडचा संरक्षक संत मानल्या जाणाऱ्या सेंट जॉर्जचा हा क्रूस भारतीय नौध्वजावर पुढे एकविसाव्या शतकापर्यंत राहणार होता.

इथे एका मुद्द्यावर अभ्यासकाने थबकले पाहिजे. २०२२ च्या नौध्वजाने शिवछत्रपतींकडून घेतलेला आकार त्यांच्या निशाणाचा नाही, तो त्यांच्या मुद्रेचा आहे. मराठ्यांच्या जहाजांवर भगवे निशाण असे. अष्टकोनी राजमुद्रा उमटत असे ती कागदावर, पत्राच्या माथ्याला. १६४६ च्या पत्रावर आढळणाऱ्या या मुद्रेतील संस्कृत श्लोकाचा आशय असा, की प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि जगाने वंदिलेली ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा लोककल्याणासाठी शोभते आहे. पत्राच्या शेवटी वेगळे लहान 'मोर्तब' उमटवले जाई, म्हणजे मजकूर इथे संपला, पुढे कोणी काही घुसडू नये. जिथे मुद्रा तिथे राज्याचा शब्द, असा तिचा अर्थ होता.

मग मुद्रेचा आकार जहाजाच्या निशाणावर आणणे कितपत सयुक्तिक आहे? वरवर पाहता ही सरमिसळ वाटते, पण मराठा आरमाराचा व्यवहार पाहिला तर या निवडीला पक्का आधार दिसतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. ज्या सावकारांनी कौल घेतला आहे, म्हणजे अभयपत्र आणि परवाना घेतला आहे, त्यांच्या गलबतांना आरमाराने जराही धक्का लागू देऊ नये, असे त्यात बजावले आहे. कौल नसलेल्या जहाजाची मात्र चौकशी होई. सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक, म्हणजे परवाने चालवले आणि इंग्रज-पोर्तुगीजांनी त्यांना चाचा ठरवले, ते मुख्यतः याच कारणासाठी. जे काम कार्ताझच्या नावाने पोर्तुगीज दोनशे वर्षे करत होते तेच काम किनाऱ्याच्या धन्याने केले, तेव्हा ते चाचेगिरी ठरले. या साऱ्या व्यवहारात डोलकाठीवरचे निशाण आणि तांडेलाजवळच्या कागदावरची मुद्रा या एकाच हक्काच्या दोन बाजू होत्या. निशाण दुरून सांगे की हे जहाज कोणाच्या आश्रयाचे आहे आणि जवळ आल्यावर मुद्रा ते शाबीत करी. म्हणून अष्टकोन ध्वजावर येणे इतिहासाला धरून आहे. फक्त तो महाराजांच्या आरमाराचा झेंडा होता, असे जे सर्रास सांगितले जाते ते चूक आहे आणि पाठ्यपुस्तकांत व भाषणांत ते शिरू देऊ नये.

मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर साष्टी बेटावरून पोर्तुगीज निशाण कायमचे उतरले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला. कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा प्रमुख कमोडोर जॉन वॉटसन त्या लढाईत कामी आला, तरी किल्ला पडला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हा किल्ला म्हणजेच आजचे ठाणे कारागृह.

कंपनीचे आरमार नावे बदलत पुढे सरकारी झाले आणि १९२८ मध्ये त्याला ब्रिटिश राजेशाही नौदलाचे श्वेत निशाण लावण्याची मुभा मिळाली. पांढऱ्या पटावर सेंट जॉर्जचा मोठा तांबडा क्रूस आणि कोपऱ्यात युनियन जॅक असे हे निशाण १८६४ पासून फक्त ब्रिटिश युद्धनौकांसाठी राखलेले होते. १९३४ मध्ये 'रॉयल इंडियन नेव्ही' अस्तित्वात आली. दुसऱ्या महायुद्धात तिचा विस्तार झाला आणि मुंबईच्या परिसरात प्रशिक्षणाची अनेक किनारी ठाणी उभी राहिली. नौदलाच्या पद्धतीप्रमाणे जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजाचेच नाव असते. कुलाब्याला 'तलवार' हे संदेशवहनाचे शिक्षण देणारे ठाणे होते आणि ठाण्याजवळ कोलशेत येथे 'अकबर' होते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरील खलाशांनी निकृष्ट अन्न, अपुरा पगार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. दोन दिवसांत तो मुंबई बंदरातील नौकांवर आणि किनारी ठाण्यांवर पसरला, कोलशेतच्या 'अकबर'वरील खलाशी त्यात सामील झाले आणि पुढे कराचीपर्यंत वणवा पेटला. एकूण ७८ नौका, २० किनारी ठाणी आणि सुमारे २० हजार खलाशी या उठावात होते. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली. खलाशांनी जहाजांवरची ब्रिटिश निशाणे उतरवली आणि त्यांच्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र चढवले. राजकीय पक्षांचे नेते जे ऐक्य वाटाघाटींच्या टेबलावर साधू शकले नाहीत, ते विशी-बाविशीतल्या पोरांनी डोलकाठीवर बांधून दाखवले. २१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्स या मुंबईतील नौदलाच्या ठाण्यापाशी गोळीबार झाला, मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, शहरात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली आणि वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही, ही या प्रकरणातील दुःखद बाजू आहे. कॅसल बरॅक्सला १९५१ मध्ये 'आयएनएस आंग्रे' हे नाव मिळाले, तेव्हा जिथे खलाशांनी गोळ्या झेलल्या त्या जागेवर इंग्रजांनी चाचा म्हणून हिणवलेल्या सरखेलाचे नाव लागले.

स्वातंत्र्यानंतरही श्वेत निशाण २६ जानेवारी १९५० पर्यंत चालू राहिले. प्रजासत्ताक झाल्यावर कोपऱ्यातील युनियन जॅक जाऊन तिथे तिरंगा आला, पण तांबडा क्रूस तसाच राहिला. यात भारत एकटा नव्हता. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेतील घाना या देशाने लाल, सोनेरी, हिरवा आणि मध्ये काळा तारा असा स्वतःचा राष्ट्रध्वज केला, पण त्याच्या नौदलाने तो ध्वज कोपऱ्यात ठेवून उरलेल्या पटावर सेंट जॉर्जचा क्रूस कायम ठेवला. दक्षिण आफ्रिकेच्या नौध्वजावर क्रूस हिरवा झाला. ऑस्ट्रेलियाने १९६७ मध्ये तो काढून निळे तारे आणले. साम्राज्य सोडून गेलेल्या देशांत राष्ट्रध्वज एका रात्रीत बदलतो, नौदलाचे निशाण मात्र बदलायला वेळ घेते, कारण नौदल ही परंपरेला, कवायतीला आणि खुणांच्या सातत्याला जपणारी संस्था असते.

भारताने क्रूस काढण्याचा पहिला प्रयत्न १५ ऑगस्ट २००१ रोजी केला. पांढऱ्या पटावर तिरंगा आणि नौदलाचे निळे बोधचिन्ह असा तो ध्वज होता. त्यातला विचार योग्य असला तरी समुद्रावर तो फसला. निळी रेषाकृती आकाशाच्या आणि पाण्याच्या निळाईत मिसळून जाई आणि दुरून निशाण ओळखता येत नाही, अशी खलाशांची तक्रार आली. एप्रिल २००४ मध्ये क्रूस परत आला. या वेळी त्याच्या मध्यभागी सिंहमुद्रा होती आणि २०१४ मध्ये तिच्याखाली 'सत्यमेव जयते' ही अक्षरे जोडली गेली. या माघारीला गुलामगिरीची सवय म्हणणे अन्यायाचे आहे. लांबून दिसणे हे नौध्वजाचे पहिले कर्तव्य आहे, आणि जाड तांबडा क्रूस ते पार पाडत होता. २०२२ च्या ध्वजातही रंग निळाच आहे, पण तो रेषांचा नाही. भरीव अष्टकोनाचा गडद निळा आणि त्याला सोनेरी दुहेरी किनार यांमुळे पांढऱ्या पटावर एक ठसठशीत आकार उभा राहतो. २००१ ची चूक या रचनेत सुधारली गेली आहे. आकाराची निवड करताना भावना आणि दृष्टी या दोन्हींचा विचार झाला, हे या ध्वजाचे खरे श्रेय.

डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन सिंधुदुर्गाजवळ साजरा झाला आणि त्यानंतर ज्येष्ठ नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पदचिन्हांतही अष्टकोन आला. कल्याणात दुर्गाडीजवळ नौदलातून निवृत्त झालेली 'टी-८०' ही वेगवान गस्तीनौका संग्रहालयासाठी आणण्यात आली. शिवकालीन आरमाराची आठवण अशी सरकारी पातळीवर आणि गावपातळीवर जागी होत आहे, हे स्वागतार्हच आहे. तरीही नौध्वजाचा इतिहास १६५७ वरून थेट २०२२ वर उडी मारून सांगितला जातो, तेव्हा मधल्या काळातली माणसे त्यातून गळतात. भिवंडी-कल्याणच्या धक्क्यांवर गलबते बांधणारे सुतार आणि लोहार, कौलाच्या भरवशावर माल भरणारे सावकार आणि १९४६ मध्ये निशाण उतरवून नोकरी गमावलेले खलाशी यांच्यावाचून हा इतिहास अपुरा आहे. कोलशेत आज टोलेजंग गृहसंकुलांसाठी ओळखले जाते. 'अकबर'वरील खलाशांविषयीची कागदपत्रे, छायाचित्रे किंवा घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील ज्या कुटुंबांकडे असतील, त्यांनी त्या स्थानिक ग्रंथालयांच्या आणि इतिहास-अभ्यासकांच्या हवाली कराव्यात आणि शाळांनी १८ फेब्रुवारीचा दिवस आपल्या दिनदर्शिकेत नोंदवावा.